इमान उडलं तर पगार

होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या गंभीर चर्चा होतात त्यांचे विषय ठरलेले आहेत. मेसची डाळ, उद्याचं सबमिशन आणि पॅकेज. पहिल्या दोन विषयांवर कधीच एकमत होत नाही. तिसऱ्यावर मात्र लगेच होतं. सगळ्यात जास्त पैसा कोणत्या नोकरीत, या यादीत पहिला नंबर कायम पायलटचा! "पायलटला काय रे, लाखात खेळतो," असं कुणीतरी म्हणतो, बाकीचे उसासे टाकतात आणि विषय संपतो. मध्यंतरी कुठल्यातरी विमान कंपनीत पगारावरून भांडण सुरू असल्याची बातमी निघाली, तेव्हाही माझा रूम पार्टनर म्हणाला, "पाच लाखाचे चार लाख झाले तर काय बिघडलं यांचं?"

मित्रांनो, आमच्या घरात एक पायलट आहे. माझा चुलतभाऊ, मोठेबाबांचा मुलगा. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्यामुळे होस्टेलची चर्चा जिथे संपते, तिथूनच मला पुढे लिहावंसं वाटतंय.

आमचं गाव तिवसा. अमरावती-नागपूर हायवेवर गुरुकुंज मोझरीच्या थोडं पुढे. रुक्मिणीचं माहेर मानलेलं कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांच्याकडे संत्रा. आमच्या लहानपणी विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. ती दिसली की शेतातलं काम थांबवून सगळे वर बघायचे. वऱ्हाडाला विमानाची वाट बघायची सवयच आहे म्हणा. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढेल वाढेल म्हणता म्हणता तिकडची एक पिढी म्हातारी झाली. अमरावतीचं नशीब जरा बरं. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान उतरलं आणि आमच्या जिल्ह्याचं नाव विमानाच्या वेळापत्रकात आलं. त्याआधी २०२४ मध्ये त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था होणार असं जाहीर झालं होतं. ३४ प्रशिक्षण विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असं उद्दिष्ट.

तेव्हापासून आमच्याकडे बारावी सायन्सच्या पोरापोरींच्या तोंडी नीट आणि जेईईच्या जोडीला सीपीएल हा तिसरा शब्द आला. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. त्या पोरींमध्ये माझी धाकटी बहीणही आहे. तिने तिच्या खोलीत एटीआरचं मोठं चित्र लावलं आहे आणि बाबांनी गुपचूप संत्र्याच्या बगीच्याचा भाव काढून ठेवला आहे. म्हणून हा लेख म्हणजे नुसती माहिती नाही, आमच्या घरातला चालू प्रश्न आहे.

आधी दादाचं सांगतो. त्याने बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स घेतलं, मेडिकल पास केलं, डीजीसीएचे पेपर काढले, २०० तासांचं उड्डाण पूर्ण केलं आणि परवाना मिळवला. आपल्याला वाटतं, झालं! पण परवाना मिळाला म्हणजे कोणतंही विमान उडवता येतं असं नाही. ज्या जातीचं विमान उडवायचं, त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचा खर्च पुन्हा लाखांत. सगळं मिळून ५५ लाखांच्या आसपास गेले. मोठेबाबांनी दोन एकर विकून २० उभे केले आणि उरलेल्या ३५ साठी तिवस्यातलं राहतं घर बँकेकडे तारण ठेवलं. २०१९ मध्ये दादा एका छोट्या विमान कंपनीत एटीआरवर को-पायलट म्हणून लागला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, त्याची गरजही नाही. मोठेबाबांनी गावात पेढे वाटले. "पोरगं मातीतून सुटलं बाप्पा," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

मग २०२० आलं. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं थांबली, ती दोन महिन्यांनी २५ मेला हळूहळू सुरू झाली. दादा त्या काळात तिवस्याला येऊन राहिला. अंगणात बाजेवर बसून विमानाची जाडजूड पुस्तकं वाचायचा आणि संध्याकाळी ओलितावर जायचा. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काऊन कॅप्टन, इमान पंचर झालं काय?" तो हसायचा. एक दिवस कंपनीचा ईमेल आला, त्या दिवशी मात्र हसला नाही.

त्या ईमेलमध्ये काय होतं, ते समजायला पायलटचा पगार कसा बनतो हे बघावं लागेल. आपण इंजिनिअर लोक आहोत, आकडेमोडीला घाबरायचं कारण नाही. पगाराचे दोन भाग असतात. एक ठरलेला आणि दुसरा उडलेल्या तासांवरचा. तास मोजायचे ते विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. दोन उड्डाणांच्या मध्ये विमानतळावर काढलेले तास, धुकं निवळायची वाट बघत बसलेली सकाळ, हे त्यात येत नाही. म्हणून चांगल्या दिवसांत कंपन्या एक हमी देतात. समजा महिन्याला ७० तास. कमी उडलास तरी ७० तासांचे पैसे मिळतील. ही हमी म्हणजे पगाराचा कणा.

दादाने मला कागदावर मांडून दाखवलं ते असं. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, कर आणि पीएफ बाजूला ठेवले आहेत. ठरलेला पगार ५० हजार. तासाला एक हजार, ७० तासांची हमी, म्हणजे ७० हजार. एकूण एक लाख २० हजार. ईमेलने दोन गोष्टी केल्या. ठरलेला पगार २० टक्क्यांनी कापला, म्हणजे ५० चे ४० झाले. आणि तासांची हमी काढून टाकली, जेवढं उडाल तेवढंच मिळेल. विमानं सुरू झाल्यावर त्याच्या वाट्याला महिन्याला ३५ तास येऊ लागले, म्हणजे ३५ हजार. एकूण ७५ हजार. पगार साडेसदतीस टक्क्यांनी कमी झाला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ३५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १२ वर्षं मुदत. हप्ता जवळपास ४४ हजार! आधी हप्ता जाऊन हातात ७६ हजार उरायचे. आता ३१ हजार. म्हणजे पगार कापला गेला साडेसदतीस टक्के, पण जगायला उरलेला पैसा कापला गेला जवळपास ६० टक्के. त्यातून मेट्रो शहरातलं खोलीभाडं द्या, घरी पाठवा आणि चारचौघांत कॅप्टन म्हणून मिरवा. नुसते टक्के वाचून आपण म्हणतो, फार काही नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याच्यासाठी तेच टक्के वेगळे असतात. कर्ज जागचं हलत नाही ना!

मोठेबाबांना मी हा हिशोब सांगितला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांना तो माझ्यापेक्षा लवकर कळला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आपलं कसं, पाणी पडलं तं पीक. अन् याचं इमान उडलं तं पगार. बँकेचा हप्ता दोघाईले सारखाच. मंग पोरगं मातीतून सुटलं कुठी?"

मला वाटतं, पायलटच्या पगारकपातीवर याहून सोपं कुणी सांगणार नाही. आभाळ दोघांचंही लहरी. फरक इतकाच, की शेतकऱ्याचं हाल गावाला दिसतं आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला ते दिसू न देण्याची सवय असते.

आता कुणी म्हणेल, कोविड होता, कंपन्यांचाही नाइलाज होता. बरोबर आहे. त्या वर्षी इंडिगोसारख्या मोठ्या कंपनीनेही पगार कापले, आणि कर्मचाऱ्यांपैकी दहा टक्के लोकांना घरी पाठवलं. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती, तिनेही वैमानिकांचे भत्ते ४० टक्क्यांनी कापले. दादा स्वतः म्हणतो, "कपात झाली नसती तर कंपनीच गेली असती." लहान कंपन्यांचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०१७ मध्ये जळगावहून मुंबईला छोट्या विमानाची सेवा सुरू करणाऱ्या एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये सगळ्याच कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. नांदेड, जळगाव, कोल्हापूर या शहरांना जोडणाऱ्या ट्रूजेटची विमानं फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. पण कोविड नव्हता तेव्हा तरी काय होतं? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला. दोन्ही ठिकाणी विमान थांबण्याच्या कितीतरी आधी पगार थांबले होते. रोग नवा होता, दुखणं जुनंच.

हे दुखणं छोट्या कंपन्यांना आधी का होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. २०१६ मध्ये सरकारने उडान योजना आणली. लहान शहरं विमानाने जोडायची, अर्ध्या जागांचं भाडं मर्यादेत ठेवायचं, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला साधारण अडीच हजार रुपये, आणि कंपनीचा तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा. योजना चांगली आहे, नाहीतर बेलोऱ्याला विमान कोण आणणार होतं? पण कंपनीच्या खर्चाची यादी बघा. इंधनाचा भाव तेल कंपन्या ठरवणार. विमान भाड्याचं, त्याचं भाडं डॉलरमध्ये. सुटे भाग परदेशातून. तिकिटाचा भाव मर्यादेत आणि विमानात जागा सत्तरच्या आसपास. यातलं काहीच मालकाच्या हातात नाही. हातात एकच गोष्ट उरते, माणसांचे पगार. म्हणून कात्री फिरते ती तिथेच.

आणि कात्री फिरली तरी पायलट जात का नाही? माझ्या रूम पार्टनरने हाच प्रश्न विचारला होता. "नाही परवडत तर सोड ना नोकरी!" उत्तर असं, की सोडून जाणार कुठे? एटीआरचं रेटिंग एअरबसवर चालत नाही. दुसऱ्या जातीचं विमान म्हणजे पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा पैसा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. घरी बसून राहिलं तर तेही चालत नाही, ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवलेलं नसेल तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. शिवाय नव्या कंपनीत गेलं की ज्येष्ठता यादीत पुन्हा शेवटचा नंबर. एवढ्या दोऱ्यांनी बांधलेला माणूस पगार कमी झाला म्हणून उठून जात नाही. हे त्याला माहीत असतं आणि कंपनीलाही.

कोविड संपल्यावर हमीचे ते ७० तास सगळीकडे परत आले का? नाही. विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन होत असताना वैमानिकांना नवे करार दिले गेले, त्यात ७० तासांच्या हमीच्या जागी ४० तास होते. एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिथले इतके वैमानिक कामावर आले नाहीत, की शंभरावर उड्डाणं रद्द करावी लागली. विमानतळावर ताटकळलेले प्रवासी टीव्हीवर चिडून बोलत होते, त्यांचं चुकलं असंही नाही. पण त्या गोंधळाच्या मुळाशी ७० आणि ४० हे दोन आकडे होते, हे किती जणांना कळलं?

अमेरिकेतही वेगळं नाही. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर आपल्याला माहीत आहेत, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलले. आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आणि कंपनीची पेन्शनही गेली, असं त्यांनी तिथे सांगितलं. ज्या माणसाची सारं जग आरती ओवाळत होतं, त्याची ही गोष्ट!

त्याच फेब्रुवारीत, १२ तारखेला, कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान बफेलोजवळ पडलं आणि ५० माणसं गेली. चौकशीत कारण निघालं ते कॅप्टनने धोक्याच्या सूचनेला दिलेला चुकीचा प्रतिसाद. पगारामुळे अपघात झाला असं कुणी म्हटलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण चौकशीत आणखीही काही बाहेर आलं. को-पायलट एक तरुण मुलगी होती. तिचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलर की २४ हजार, यावर चर्चा झाली. ती नोकरीच्या शहरात राहत नव्हती, देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहायची आणि त्या दिवशीची ड्यूटी गाठायला रात्रभर विमानं बदलत आली होती. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असं तपास मंडळाने नोंदवलं. त्यानंतर तिथे कायदा बदलला, को-पायलटसाठीही साधारण १५०० तासांची अट आली. पुढे वैमानिकांचा तुटवडा पडला आणि २०२२ मध्ये त्याच प्रादेशिक कंपन्यांनी पगार भराभर वाढवले. म्हणजे पैसा द्यायला जमतच नव्हतं असं नाही, फक्त वेळ यावी लागली.

असो. पुन्हा तिवस्याला येतो. मागच्या दिवाळीत दादा घरी आला होता. आता तो मोठ्या कंपनीत आहे, रेटिंगही नवं झालंय आणि कर्ज निम्म्याच्या खाली आलंय. बाबांनी त्याला सरळ विचारलं, "सांग बाप्पा, पाठवू काय पोट्टीले? तू म्हणशीन तसं." दादाने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्याने बहिणीला वही आणायला लावली आणि तिच्याकडूनच लिहून घेतलं.

पहिलं, फी भरायच्या आधी क्लास वन मेडिकल. त्यात अडकलं तर आधीच कळलेलं बरं. दुसरं, परवाना मिळाल्यावर नोकरी लगेच मिळेल असं धरायचं नाही. एक-दोन वर्षं रिकामी गेली तर हप्ता कोण भरणार, ते आजच ठरवायचं. तिसरं, कर्ज एवढंच घ्यायचं की त्याचा हप्ता ठरलेल्या पगारातून निघेल. तासांचा पैसा हिशोबात धरायचाच नाही. चौथं, करारावर सही करण्याआधी तासांची हमी किती, बाँड किती वर्षांचा आणि पगार बदलायचा अधिकार कुणाला, ही तीन कलमं वाचायची. पाचवं, राहतं घर तारण ठेवायचं नाही. हे पाचवं सांगताना तो मोठेबाबांकडे बघत नव्हता.

बहीण सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, "दादा, एवढं सोसून तू सोडलं काऊन नाई?" दादा म्हणाला, "एटीआर घेऊन पहाटे निघालो का खाली सारं धुकं राहते अन् वर ऊन. ते पाहिलं का माणूस सोडत नाई. अन् हेच त्याईले बी माहीत हाय." घरात कुणीच काही बोललं नाही. मोठी आई चहा ठेवायला उठली.

बहिणीने तिसऱ्या कलमाप्रमाणे हिशोब केला. ठरलेल्या ४० हजारांतून खाणंपिणं, भाडं जाऊन १५ हजारांचा हप्ता झेपेल. म्हणजे कर्ज १२ लाखांपर्यंत. बाकीचे उभे करायचे तर बगीचा विकावा लागतो. तिने स्वतःच बाबांना सांगितलं, "बगीचा नका इकू. मी उडान अकॅडमीची एन्ट्रन्स देतो, शिष्यवृत्त्या पायतो, दोन वर्षं लागले तरी चालते." चित्र तिने काढलेलं नाही, पण वहीतलं ते पान त्याच्या खाली चिकटवलं आहे. तिचं मेडिकल झालंय. पास झाली आहे. संत्र्याला या वर्षी मृगाचा बहार चांगला आहे. पुढचं पुढे.

आता तुमच्यासाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी. पुढच्या सेमिस्टरला कॅम्पसला कंपन्या येतील. बोर्डावर पॅकेजचे आकडे लागतील आणि आपण ते ओरडत मेसमध्ये जाऊ. ऑफर लेटर हातात आलं की त्या मोठ्या आकड्याच्या पोटात बघा. त्यातला किती हलणारा आणि किती न हलणारा? व्हेरिएबल, परफॉर्मन्स, जॉइनिंग बोनस ही सगळी पायलटच्या तासांचीच भावंडं आहेत. आणि आपल्यापैकी निम्म्यांच्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे, त्याचा हप्ता मात्र न हलणाराच असतो. आपण शिकतो ते एकाच यंत्रावर, एकाच सॉफ्टवेअरवर चालणारं असेल, तर आपल्याही पायात दोरी पडते, हेही लक्षात असू द्या.

आणि बेलोऱ्याच्या विमानात कधी बसलात, तर उतरताना दारात उभ्या असलेल्या को-पायलटला नमस्कार करा. लाखात खेळत असेल किंवा नसेल. त्याच्या गावीही एखादं घर तारण असू शकतं.